किती लांब? फास्टने पाऊण तास! : मुंबई आणि तिच्या उपनगरांमधल्या अंतराचा इतिहास

"कुठे राहता?"
"डोंबिवलीला."
"बापरे, लांब पडत असेल!"
"छे हो, फास्टने तास-सव्वा तास."

हा संवाद तुम्ही कधी ना कधी ऐकला असेल किंवा स्वतः केला असेल. त्यातली गंमत अशी, की 'लांब' या शब्दाला आपण कधीही किलोमीटरमध्ये उत्तर देत नाही. डोंबिवली सीएसएमटीपासून साधारण ४८ किलोमीटरवर आहे, पण हा आकडा तिथे जन्म काढलेल्या माणसालाही पाठ नसतो. पाठ असते ती ७:४२ ची की ७:४८ ची, फास्ट की स्लो, बारा डबे की पंधरा.

माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण नेमकं याच गोष्टीवर आहे. शहर आणि उपनगर यांच्यातलं अंतर म्हणजे काय? ते कोण ठरवतं? आणि महत्त्वाचं म्हणजे, त्याची किंमत कोण मोजतं? सेमिनारमध्ये हा विषय मांडला की पहिला प्रश्न हमखास येतो, "अंतराचा कसला इतिहास? ठाणं १८५३ ला होतं तिथेच आज आहे." बरोबर आहे. पण मुंबई-ठाणे अंतर तेच राहिलं, तरी ते रोज कापायची पाळी कोणावर आली, किती पैशात आणि कोणत्या अवस्थेत, हे मात्र सतत बदलत गेलं. आजची पोस्ट त्याबद्दल.

२१ मैल

१६ एप्रिल १८५३, दुपारी साडेतीन. बोरीबंदरहून चौदा डबे आणि सुमारे चारशे निमंत्रितांना घेऊन गाडी ठाण्याला निघाली. २१ मैल, म्हणजे ३४ किलोमीटर. लागलेल्या वेळाबद्दल नोंदींमध्ये एकमत नाही. बऱ्याच ठिकाणी सव्वा तास सापडतो, काही ठिकाणी ५७ मिनिटं. त्याआधी ठाण्याहून मुंबईला यायचं तर बैलगाडी, घोडा, पायपीट किंवा खाडीतून होडी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शीवचा बांध झाला आणि १८४५ मध्ये माहीमचा. त्यामुळे साष्टी बेट मुंबईला जोडलं गेलं होतं, पण तरी ठाण्याला जाणं हे दिवसाचं काम होतं.

आता आजचं वेळापत्रक काढा. सीएसएमटी ते ठाणे धीम्या लोकलला आजही जवळपास तास लागतो आणि फास्टला पाऊण तासाच्या आसपास. म्हणजे पावणेदोनशे वर्षांत आपण या प्रवासातून वाचवली ती जेमतेम पंधरा मिनिटं ते अर्धा तास. ही तुलना थोडी अन्यायाची आहे हे मान्य, कारण पाहुण्यांची ती गाडी आजच्या धीम्या लोकलसारखी प्रत्येक स्टेशनावर थांबत नव्हती. पण यातून एक गोष्ट नक्की कळते. उपनगरं वसली ती गाड्या अधिकाधिक वेगवान होत गेल्या म्हणून, ही आपली नेहमीची समजूत अपुरी आहे.

आणखी एक गोष्ट. ही रेल्वे रोज कामाला जाणाऱ्यांसाठी बांधलेलीच नव्हती. जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई यांच्यासारखे मुंबईचे पुढारी रेल्वेसाठी आग्रह धरत होते, आणि ग्रेट इंडियन पेनिन्शुला कंपनीची नजर घाटापलीकडच्या कापसावर होती. १८५४ मध्ये कल्याण, १८६३ मध्ये बोरघाट, १८६५ मध्ये थळघाट अशी ती पुढे गेली. ठाणं हे तिच्यासाठी वाटेतलं गाव होतं. पश्चिमेला बीबीसीआय कंपनीची गाडी गुजरातकडून आली. १२ एप्रिल १८६७ पासून विरार ते बॅकबे अशी रोज जाणारी-येणारी एक गाडी सुरू झाली. सकाळी मुंबईकडे, संध्याकाळी विरारकडे. आजच्या 'विरार लोकल'चं मूळ हे. पण त्या एका गाडीत कोण बसत असेल याचा विचार करा. गिरणी कामगार नक्कीच नाही.

चालत पंधरा मिनिटं

मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास लिहिणाऱ्या राजनारायण चंदावरकरांनी एक मुद्दा ठळकपणे मांडला आहे. १९२० च्या दशकात सुमारे ९० टक्के गिरणी कामगार कामाच्या जागेपासून चालत पंधरा मिनिटांच्या आत राहत होते. लालबाग, परळ, शिवडी, वरळी, भायखळा. चाळीतल्या एका खोलीत आठ-दहा जण, पाळीपाळीने झोपणारे.

उपनगरात मोकळी हवा होती आणि जागाही स्वस्त होती, मग कामगार तिथे का गेला नाही? पहिलं कारण कामाचे तास. १९११ च्या फॅक्टरी कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांचा दिवस बारा तासांवर आणला, तीसुद्धा तेव्हा सुधारणा मानली गेली. बारा तास उभं राहून काम केल्यावर त्यात दोन तासांचा प्रवास कुठून बसवणार? दुसरं कारण भरतीची पद्धत. बदली कामगाराला रोज पहाटे गिरणीच्या दारात हजर राहावं लागे, जॉबरने घेतलं तर काम, नाहीतर घरी. आज काम मिळेल की नाही हेच माहीत नसलेला माणूस महिन्याचा पास कशाच्या भरवशावर काढेल? तिसरं कारण उधारी. वाणी, खानावळ, गाववाल्यांची खोली हे सगळं वस्तीतच होतं. संपाच्या काळात तर यावरच घर चालायचं.

म्हणजे गिरणगावची ती दाटी रेल्वे नव्हती म्हणून झालेली नाही. दादर-परळवरून गाड्या रोज धडधडत जात होत्या. पण गाडी दारावरून जाते म्हणून ती आपली होत नाही. रोजचा प्रवास परवडायला ठरलेले तास, ठरलेला पगार आणि नोकरीची शाश्वती लागते. या तिन्ही गोष्टी पहिल्यांदा मिळाल्या त्या कारकुनाला.

कारकून उपनगरात जातो

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग सापडला आणि मुंबई रिकामी होऊ लागली. दोन वर्षांनी, १८९८ मध्ये, सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. ट्रस्टने जुन्या वस्त्या पाडून रुंद रस्ते काढले आणि पुढे उत्तरेला दादर-माटुंगा-शीव भागात नव्या वसाहती आखल्या. आज आपण ज्याला 'मुंबईचा मध्य' म्हणतो ते दादर तेव्हा उपनगर म्हणून आखलं जात होतं! कामगारांची दाटी कमी करायची हा गाजावाजा, पण नव्या ब्लॉकमध्ये राहायला गेले ते मुख्यतः नोकरदार मध्यमवर्गीय. हिंदू कॉलनी, पुढे पार्ले. १९२० मध्ये मुंबई उपनगर हा वेगळा जिल्हा झाला. १९२१ मध्ये पार्ले टिळक विद्यालय सुरू झालं. आपल्या मुलांसाठी शाळा काढायची वेळ येते तेव्हा वस्ती मुक्कामाला आलेली असते, असं मी माझ्यापुरतं धरून चालते.

या मंडळींनी एक नवी सवय लावून घेतली, ती म्हणजे घड्याळ. इथे एक छोटं विषयांतर करते, कारण हा भाग मला स्वतःला फार आवडतो. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मुंबईत दोन वेळा चालत. शहराचा 'मुंबई टाइम' आणि रेल्वेचा 'मद्रास टाइम'. मद्रासचं घड्याळ मुंबईच्या अर्धा तास पुढे. १ जानेवारी १९०६ ला इंडियन स्टँडर्ड टाइम आला आणि तो मुंबई टाइमच्या ३९ मिनिटं पुढे होता. लोकांनी याला चांगलाच विरोध केला. स्टँडर्ड टाइमने गिरणी सुरू करायची म्हणजे सूर्याच्या हिशोबाने ३९ मिनिटं लवकर उठायचं. त्या जानेवारीत कामगारांनी निदर्शनं केली, आणि महापालिका तर पुढची काही दशकं मुंबई टाइम सोडायला तयार नव्हती.

चालत कामाला जाणाऱ्याला गिरणीचा भोंगा पुरायचा. गाडीने जाणाऱ्याला मात्र मिनिट कळावं लागतं. मराठीत 'आठ-सतराची', 'सात-बेचाळीसची' अशी गाडीची नावं झाली ती यातूनच. गाडीला तिच्या मिनिटावरून हाक मारणारी ही भाषा उपनगराने घडवली.

वीज : वेग कमी, फेऱ्या जास्त

३ फेब्रुवारी १९२५ ला व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी हार्बर मार्गावर देशातली पहिली विजेची गाडी धावली. १९२८ मध्ये पश्चिमेला कुलाबा ते बोरिवली, १९३६ मध्ये विरारपर्यंत. मध्य मार्गावर तीसचं दशक सुरू होईपर्यंत विजेच्या तारा कल्याणच्याही पलीकडे पोचल्या होत्या.

विजेचा खरा फायदा काय झाला? वाफेच्या इंजिनाला वेग घ्यायला वेळ लागतो. दर दोन-तीन किलोमीटरवर थांबायचं असेल तर त्याचा सगळा वेळ वेग घेण्यात आणि घालवण्यात जातो. शिवाय शेवटच्या स्टेशनावर इंजिन सोडवून दुसऱ्या टोकाला जोडावं लागतं. विजेची लोकल सुटल्या सुटल्या वेग घेते. तिला दोन्ही टोकांना मोटरमनची केबिन असते, त्यामुळे आली त्याच फलाटावरून ती उलटी निघते. परिणाम असा, की त्याच रुळांवर कितीतरी जास्त गाड्या सोडता येऊ लागल्या आणि मधे नवी स्टेशनं घालता आली.

म्हणजे ठाणं मिनिटांमध्ये फार जवळ आलं नाही. ते जवळ आलं कारण गाडी चुकली तर आता तास-दीड तास थांबावं लागत नव्हतं, पाठोपाठ दुसरी होती. वेळापत्रक वाचणारा आणि 'जाऊन उभं राहू, मिळेल ती पकडू' म्हणणारा, असे दोन प्रवासी एकाच फलाटावर दिसू लागले.

पास नावाचा कागद

आता या गोष्टीतल्या माझ्या आवडत्या पात्राकडे येऊ, सीझन तिकीट ऊर्फ पास. प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला, कडा मऊ झालेला, शर्टाच्या वरच्या खिशातला. आता तो मोबाइलमध्ये गेला आहे.

पासचं गणित साधं आहे. उपनगरी गाड्यांचा सेकंड क्लासचा मासिक पास साधारण पंधरा एकेरी तिकिटांच्या दरात मिळतो. महिन्याला पंचवीस दिवस कामाला जाणारा माणूस पन्नास फेऱ्या करतो. म्हणजे पन्नास फेऱ्या पंधराच्या भावात, एक फेरी तिकिटाच्या तीस टक्क्यांत. वर, अंतर वाढेल तसा किलोमीटरमागचा दर कमी होत जातो.

जून २०१४ मध्ये रेल्वेने भाडेवाढ जाहीर केली आणि त्यात पासचा हिशोब पंधराऐवजी तीस फेऱ्यांवर करायचं ठरवलं. ठाणे-कल्याण-विरारच्या लोकांचा पास एका झटक्यात दुपटीच्या आसपास जाणार होता. पास काढायला खिडक्यांवर रांगा लागल्या, मुंबई परिसरातल्या खासदारांनी दिल्लीत रेल्वेमंत्र्यांची भेट घेतली आणि चार-पाच दिवसांत निर्णय मागे घेतला गेला. विधानसभा निवडणूक तोंडावर होती हे खरं, पण मला त्यात त्याहून मोठी गोष्ट दिसते. मुंबईचं सगळं अर्थकारण त्या पंधरा फेऱ्यांच्या सवलतीवर उभं आहे, हे सगळ्यांना मनातून ठाऊक होतं.

ते कसं? १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने शहरातली भाडी १९४० च्या पातळीला बांधली. जुन्या भाडेकरूला त्याने मोठा आधार दिला. पण भाड्याने देण्यासाठी नव्या चाळी बांधण्यात घरमालकाला काही राम उरला नाही. नव्याने नोकरीला लागलेल्या माणसाला शहरात पागडी द्यायची ऐपत नव्हती, मग तो मालकीच्या छोट्या घरासाठी उत्तरेला सरकत गेला. मुलुंड, ठाणे, डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर. पलीकडे बोरिवली, वसई, विरार. महापालिकेची हद्द १९५० मध्ये आणि पुन्हा १९५७ मध्ये वाढून मुलुंड-दहिसरपर्यंत गेली, पण लोक त्याही पुढे गेले. २०११ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांपूर्वीपेक्षा घटली होती आणि ठाणे जिल्हा एक कोटी दहा लाखांसह देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा ठरला होता.

घर लांब, पण पास स्वस्त. त्यामुळे मुंबईत काम देणाऱ्याला, मग ते सरकार असो, बँक असो की दुकान, कामगार शहरात राहू शकेल इतका पगार द्यायची गरजच उरली नाही. अंतराच्या पैशाचा भाग रेल्वेने उचलला आणि वेळेचा भाग प्रवाशाने.

वेळेचा हिशोब आपण सहसा करत नाही, म्हणून इथे करू. घर ते ऑफिस दीड तास, येताना दीड तास, रोजचे तीन. महिन्याला पंचवीस दिवस धरले तर वर्षाला ९०० तास. आठ तासांचा कामाचा दिवस धरला तर ११२ दिवस. तीस वर्षं नोकरी केली तर २७,००० तास, म्हणजे रात्रंदिवस मोजली तर तीन वर्षांहून जास्त. हा वेळ कोणत्याही पगारपत्रकात दिसत नाही.

अंगाने मोजलेलं अंतर

रेल्वेच्या कागदपत्रांत एक शब्द सापडतो : 'सुपर डेन्स क्रश लोड'. एका चौरस मीटरमध्ये चौदा ते सोळा उभे प्रवासी. घरी फरशीवर एक मीटर लांब-रुंद चौकोन आखून त्यात सोळा माणसं कल्पून बघा. ही संज्ञा मुंबईच्या लोकलसाठीच वापरली गेली.

गर्दीने अंतराची व्याख्याच बदलली. याचं उत्तम उदाहरण म्हणजे 'रिटर्न'. डोंबिवलीच्या माणसाला मुंबईला, म्हणजे दक्षिणेला जायचंय. पण तो आधी उलट्या दिशेने कल्याणला जाणाऱ्या गाडीत चढतो, जागा पकडतो आणि तीच गाडी परत मुंबईकडे निघाली की बसून जातो. त्यासाठी पासही कल्याणपर्यंतचा काढतो. म्हणजे बसायला मिळावं म्हणून तो जास्त किलोमीटर, जास्त वेळ आणि जास्त पैसे खर्च करतो. प्रवास जितका छोटा तितका चांगला, या नियमात हा माणूस बसवता येत नाही. त्याच्यासाठी उभ्याने केलेले ४८ किलोमीटर बसून केलेल्या साठापेक्षा लांब आहेत, आणि त्याचं बरोबर आहे.

बायकांसाठी या अंतराला आणखी एक टोक होतं, स्वयंपाकघर. ५ मे १९९२ ला चर्चगेट-बोरिवली मार्गावर पहिली लेडीज स्पेशल सुटली. तोवर नोकरी करणाऱ्या बायकांची एक पिढी दोन-तीन राखीव डब्यांत उभी राहून निवृत्तीला आली होती. गाडीत भाजी निवडणाऱ्या बायकांचे फोटो वर्तमानपत्रांत 'मुंबई स्पिरिट' म्हणून छापून येतात. मला त्यात स्पिरिटपेक्षा हिशोब दिसतो. घरी पोचायला साडेआठ होणार, तर भाजी घाटकोपर ते ठाण्याच्या दरम्यान निवडून झाली पाहिजे. डोंबिवलीत गल्लोगल्ली पोळीभाजी केंद्रं का उघडली, याचंही उत्तर वेळापत्रकातच आहे. स्वयंपाकाला लागणारे दोन तास गाडीत गेले, मग दुसऱ्या कुणीतरी पोळ्या लाटल्या.

डब्यातले ग्रुप, भजनं, दसऱ्याला डब्याला बांधलेली तोरणं, निवृत्त होणाऱ्याला गाडीतच दिलेला नारळ, हे सगळं खरं आहे आणि सुंदरही आहे. ते लोकांनी निर्माण केलं. पण इतिहास लिहिताना एक सावधगिरी बाळगावी लागते. माणसांनी अडचणीतून काढलेल्या वाटेचं कौतुक करताना ती अडचण कुणी तयार केली हा प्रश्न गळून पडतो.

९ जून २०२५ ला सकाळी मुंब्रा स्टेशनाजवळच्या वळणावर विरुद्ध दिशेने जाणाऱ्या दोन लोकलच्या दारांत लटकलेले प्रवासी खाली पडले. किमान चार जणांचा जीव गेला. एक गाडी कसाऱ्याहून सीएसएमटीकडे निघालेली, दुसरी कर्जतकडे जाणारी. कसारा सीएसएमटीपासून सुमारे १२० किलोमीटर, कर्जत १०० किलोमीटर. बातम्यांमध्ये चर्चा झाली ती आपोआप बंद होणाऱ्या दारांची. ती व्हायलाच हवी. पण इतकी माणसं त्या वेळेला त्याच दिशेने का निघालेली असतात, हा प्रश्न दारांच्या आधीचा आहे.

दुसरा रस्ता होता

"मग काय, दुसरा पर्याय होता का?" हा सेमिनारमधला दुसरा हमखास प्रश्न. होता. १९६५ मध्ये 'मार्ग' या नियतकालिकात चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी एक प्रस्ताव मांडला. मुंबई हे निमुळतं बेट आहे, कचेऱ्या दक्षिण टोकाला आणि घरं उत्तरेला सरकत चालली आहेत. ही ओढाताण रेल्वेने कधीच सुटणार नाही. खाडीपलीकडे नवं शहर वसवा आणि मुख्य म्हणजे कामं तिकडे न्या. अंतर कापायची सोय वाढवण्यापेक्षा कापावं लागणारं अंतरच कमी करा, असा तो विचार.

१९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली, १९७३ मध्ये वाशीचा खाडीपूल झाला. पण त्याच काळात दक्षिण टोकाला भराव घालून नरिमन पॉइंट उभं राहिलं आणि सचिवालय, म्हणजे आजचं मंत्रालय, जागचं हललं नाही. सरकारच जात नाही तर बाकीचे कशाला जातील? वाशीला लोकल पोचली ती थेट मे १९९२ मध्ये. सिडको स्थापन झाल्यानंतर बावीस वर्षांनी. नवी मुंबई वसली, मोठी झाली, तिथे कामंही आली, पण पुष्कळ वर्षं ती आणखी एक उपनगर म्हणूनच जगली. मुंबईला जाणाऱ्या गाड्यांची आणखी एक रांग, एवढंच.

पुढे वांद्रे-कुर्ला संकुल झालं, अंधेरी-पवईला कचेऱ्या गेल्या, गिरण्यांच्या जमिनीवर टॉवर आले. कामाच्या जागा थोड्या उत्तरेला सरकल्या, पण घरं त्याहून वेगाने सरकली.

गिरणगाव ते शेलू

शेवटी पुन्हा गिरणी कामगाराकडे येते, कारण या प्रकरणाचा शेवट मी जिथे करायचं ठरवलं होतं तिथे तो झाला नाही.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. तो अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही. गिरण्या एकेक करून बंद पडल्या, जमिनी विकसित झाल्या. कामगारांच्या वारसांना त्या जमिनीवरच्या काही हिश्शात घरं मिळावीत हे लढ्यातून मान्य झालं, काही हजारांना ती मिळालीही. उरलेले अजून वाट बघतायत. अलीकडे सरकारने त्यांच्यासाठी कर्जत मार्गावर शेलू आणि वांगणी इथे घरांची योजना पुढे आणली. सीएसएमटीपासून सुमारे ८० किलोमीटर. जुलै २०२५ मध्ये कामगार आणि त्यांचे वारस आझाद मैदानावर जमले. घर मुंबईतच हवं, ही त्यांची मागणी.

यावर "फुकटात नाही तरी स्वस्तात मिळतंय ना, मग कुठे का असेना" असं म्हणणारे मला भेटले आहेत. त्यांना मी वरचा सगळा इतिहास थोडक्यात सांगते. ज्यांच्या आजोबांना कामाची जागा पंधरा मिनिटांच्या चालीवर लागायची, कारण त्याहून लांब राहणं त्यांना परवडतच नव्हतं, त्यांच्या नातवाला आपण ८० किलोमीटर लांब राहा म्हणतोय. नातवाचं काम मात्र मुंबईतच आहे. कदाचित त्याच गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये, सिक्युरिटीच्या किंवा हाउसकीपिंगच्या पाळीत. त्या पाळीलाही बारा तास लागतात. १९११ च्या कायद्यातले तेच बारा तास, फक्त आता त्यात येण्या-जाण्याचे चार-पाच तास मिळवायचे आहेत.

माझ्या गाइडनी प्रकरणाचा पहिला मसुदा वाचून समासात एकच ओळ लिहिली होती : "अंतर किलोमीटरमध्ये का दिलं नाहीस? तक्ता जोड." तक्ता मी जोडलाय. पण त्यात किलोमीटरच्या शेजारी आणखी तीन रकाने घातले आहेत. गाडीला लागणारा वेळ, पासची किंमत आणि 'बसायला मिळतं का?' पहिला रकाना १८५३ पासून आजपर्यंत तसाच आहे. बाकीचे तीन रकाने माणसांनी घेतलेल्या निर्णयांनी भरले आहेत आणि ते बदलता येतात.

पुढच्या पोस्टमध्ये पासच्या गोष्टीचा दुसरा भाग : फर्स्ट क्लास कोणी मागितला आणि कोणी नाकारला. तोवर तुमच्या घरी आई-वडिलांचे, आजी-आजोबांचे जुने पास कुठल्या डब्यात, पोथीत, गादीखाली पडले असतील तर फेकू नका. त्यावरचं 'पासून' आणि 'पर्यंत' एकदा वाचून बघा. त्या माणसाने आयुष्यात किती अंतर कापलं, याची तेवढीच एक नोंद बहुधा उरलेली असते.